रेडिओभोवती कोण बसले होते?

24 जानेवारी 2025, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. आजूबाजूच्या गावांना तो आधी कानांनी कळला. मग डोळ्यांनी, झाडांच्या वर चढणाऱ्या धुरावरून. तिसरा नंबर मोबाईलचा. कोणीतरी लांबून टिपलेली धुराची चित्रफीत भंडारा, नागपूर करत काही वेळातच देशभर गेली. नेमका आकडा सगळ्यांत शेवटी आला, आणि तोही दिवसभर बदलत होता. आधी एक, मग पाच आणि अखेर 8 कामगार दगावल्याचे स्पष्ट झाले.

त्या सकाळची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. स्फोटके बनवायच्या जागी मोबाईल नेता येत नाही. एक ठिणगीही जिथे महाग पडते, तिथे हा नियम हवाच. म्हणजे त्या वेळी फाटकाबाहेर चित्रफिती, फोन, ग्रुप, वाहिन्या असे सगळे काही होते, पण नेमके काय घडले हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते आत होते आणि त्यांच्या हातात फोन नव्हता. घरून कितीही वेळा नंबर लावला तरी उचलणार कोण?

माध्यमे समाजाला कशी घडवतात, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा परीक्षेतल्या निबंधासारखा येतो. मोबाईल शाप की वरदान, टीव्ही चांगला की वाईट. या विषयाचे खरे अभ्यासक त्या फंदात पडत नाहीत. त्यांचा प्रश्न वरवर साधा असतो: अमुक यंत्र आल्यावर कोणाला आधी कळू लागले, कोणाला बोलता येऊ लागले, कोणाचे बोलणे बंद झाले, आणि ऐकताना माणसे कोणाच्या शेजारी बसली होती? मजकूर काय होता, हे त्यानंतर.

या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत कॅनडाच्या टोरांटो विद्यापीठातले हॅरोल्ड इनिस यांचे नाव आधी घ्यावे लागते. गडी मूळचा अर्थशास्त्राचा. आधी जनावरांच्या कातड्यांचा व्यापार अभ्यासला, मग लाकडाच्या लगद्याचा, आणि लगद्यावरून कागदावर व कागदावरून वर्तमानपत्रावर आला. 1950 आणि 1951 साली आलेल्या त्यांच्या दोन पुस्तकांचा गाभा असा, की काही माध्यमे काळ ओलांडतात आणि काही अंतर. दगडावर कोरलेले टिकते, पण जागचे हलत नाही. कागद झपाट्याने लांब जातो, पण लवकर विरतो. दगडावर विसंबणाऱ्या समाजात परंपरा आणि धर्मसंस्था बळावतात, कागदावर विसंबणाऱ्या समाजात दूरवरचे प्रशासन.

हे समजून घ्यायला कॅनडाला जायची गरज नाही. जवाहरनगरच्या दक्षिणेला, याच जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झाले आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. दोन हजार वर्षे उलटून गेली, तरी कोणी दान दिले ते आपल्याला वाचता येते. त्याच पवनीत मागच्या महिन्यात ग्रामदेवतेला कोणी किती वर्गणी दिली, याचा मेसेज मात्र ग्रुपवर वर सरकून कधीच दिसेनासा झाला असेल. इनिस यांचा सिद्धान्त एवढ्यात मावतो. फरक इतकाच, की दगडावर नाव कोरून घ्यायची ऐपत मोजक्यांची होती आणि मेसेज कोणीही टाकतो. एका माध्यमाने आठवण दिली, दुसऱ्याने दारे उघडली. दोन्ही एकदम देणारे माध्यम अजून तरी पाहण्यात नाही.

इनिस यांचा विचार पुढे नेला मार्शल मॅकलुहान यांनी. माध्यम हाच संदेश, हे त्यांचे वाक्य जगभर इतके फिरले की त्याचा अर्थ झिजून गेला. त्यांचे ‘अंडरस्टँडिंग मीडिया’ हे पुस्तक 1964 चे. चीन युद्धानंतरच्या त्याच दशकात इकडे धानाच्या बांध्यांच्या मुलखात आयुध निर्माणी उभी राहिली आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची जवाहरनगर ही वसाहत वसली. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. मला मात्र गंमत वाटते: जग हे एक खेडे होणार असे मॅकलुहान तिकडे सांगत होते, आणि इकडे ठाणा, सावरी यांसारख्या खऱ्या खेड्यांच्या कुशीत अख्खा देश राहायला आला होता.

मॅकलुहान यांच्या लिखाणाची अडचण अशी, की ते चमकदार आहे, पण तपासून पाहायला अवघड. यंत्राने समाज बदलतो हे म्हणणे सोपे आहे. बदलला किती, कोणाचा आणि कशाने, हे गावात जाऊन मोजणे वेगळे. आणि हे मोजण्याचे जगातले एक जुने, नावाजलेले काम महाराष्ट्रात झाले आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

साल 1956. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा (म्हणजे आजचा सातारा) आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. कल्पना कॅनडाची होती. तिथे 1941 पासून शेतकरी आठवड्यातल्या एका संध्याकाळी शेजाऱ्याच्या घरी जमत, शेतीवरचा रेडिओ कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि आपले म्हणणे केंद्राकडे पाठवत. इथे साधारण दीडशे गावांत अशी रेडिओ शेतकरी मंडळे काढली. एका मंडळात वीसेक माणसे, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. रेडिओ बंद झाला की खरा कार्यक्रम सुरू व्हायचा, तो चर्चेचा. निमंत्रक चर्चेतले मुद्दे आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचा आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. दहा आठवड्यांत असे 20 कार्यक्रम झाले.

(भंडारा यात नव्हता. 1956 च्या त्या प्रयोगाच्या वेळी आपला जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. मुंबई राज्यात आलो ते त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 पासून सुरू होते, त्यामुळे रेडिओ कानांवर होता, मंडळ नव्हते.)

प्रयोगाचे मोजमाप मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे होते आणि ते करणारे होते पॉल न्यूराथ. या माणसाबद्दल थोडे सांगायलाच हवे. हे व्हिएन्नाचे. वडील ऑटो न्यूराथ यांनी आकडे लहान लहान चित्रांतून दाखवायची पद्धत घडवली. आज स्वच्छतागृहाच्या दारावर किंवा रेल्वे स्टेशनवर जी चित्रखुणांची भाषा दिसते, तिचे मूळ शोधत गेलो तर त्यांचे काम वाटेत येतेच. पॉल स्वतः नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत कैदी होते. सुटून अमेरिकेला गेले आणि त्या छावण्यांतल्या समाजजीवनावरच त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. एकतर्फी ध्वनिक्षेपक माणसांचे काय करू शकतो हे ज्या राजवटीत जगाने पाहिले, तिच्या तावडीतून सुटलेला माणूस महाराष्ट्राच्या खेड्यांत, रेडिओसमोर बसलेल्यांना परत बोलता येते का, हे मोजायला आला होता.

त्यांची युक्ती साधी आणि चोख होती. गावांचे तीन प्रकार केले. एकात रेडिओ आणि मंडळ दोन्ही. दुसऱ्यात रेडिओ होता, पण मंडळ नाही. तिसऱ्यात रेडिओच नाही. प्रयोगाच्या आधी आणि नंतर सगळीकडे तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माणसांची माहिती ठळकपणे वाढली. माहिती वाढेल असा अंदाज बांधणे सोपे होते, पण इथे ती वाढ मोजली गेली. आणि ज्या गावांत नुसता रेडिओ होता, तिथे फारसा फरक पडला नव्हता. रेडिओ तोच, कार्यक्रम तोच, भाषा तीच. मधे बसून बोलणारी वीस माणसे नव्हती, एवढेच.

या निकालाने मला मॅकलुहान यांच्यापेक्षा जास्त शिकवले. रेडिओने गाव बदलते म्हणावे, तर नुसत्या रेडिओने बदलले नाही. रेडिओला काही अर्थ नाही म्हणावे, तर मंडळ रेडिओमुळेच जमले होते. यंत्र आणि त्याच्याभोवती मांडलेली बैठक मिळून माध्यम होते. चावडीवर डबा कुठे ठेवला, त्याची किल्ली कोणाकडे, चटईवर कोण बसले, पायरीवर कोण थांबले, पहिला प्रश्न विचारायचे धाडस कोणी केले, हे सगळे त्या माध्यमाचेच भाग.

पुढे 1959 पासून ही मंडळे देशभर निघाली. संख्या हजारोंत गेली, कागदोपत्री नोंदी वाढल्या आणि हळूहळू जीव निघून गेला. सरकारी योजनांचे असे होते हे एक कारण. दुसरे कारण यंत्रातच होते. ट्रान्झिस्टर आला. ग्रामपंचायतीतला मोठा डबा, त्याची बॅटरी, तो लावणारा शिपाई यांची गरज संपली. रेडिओ बैलगाडीत आला, बांधावर आला, उशाशी आला. ऐकणारे कितीतरी पटींनी वाढले, आणि एकत्र बसून ऐकणारे कमी झाले. टीव्हीच्या वेळी हीच कथा जरा वेगळ्या वेगाने घडली. 1975-76 मध्ये उपग्रहावरून 2400 गावांत सामुदायिक टीव्ही दाखवायचा जो मोठा प्रयोग झाला, त्यातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. इथे टीव्ही आला तो बव्हंशी कोणाच्या तरी घरी, आणि मग ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर गाव.

आता कोल्हापूरकडची एक गोष्ट. वारणानगरला सहकारी साखर कारखान्याच्या पसाऱ्यात 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. आसपासच्या सुमारे 70 गावांत संगणक केंद्रे, त्यांतून शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागद, सगळे जग मिळेल अशी घोषणा. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी पाहिले, तर संगणक मुख्यतः एकाच कामाला येत होते: कारखान्याचा आणि शेतकऱ्याचा हिशेब. ऊस किती टन भरला, तोडणीची परवानगी कधीची, खत किती उचलले. मग एवढ्या कामाला संगणक कशाला? 2006-07 च्या सुमारास सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला. काम तेच झाले, खर्च कमी झाला, शेतकरी खूश.

त्या संशोधकांपैकी केंतारो तोयामा यांनी पुढे यावर पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे, तंत्रज्ञान हा ध्वनिवर्धक आहे. माणसांत, संस्थेत जे आधीपासून आहे ते तो मोठे करतो. वारणेत सहकार होता, उसाचा हिशेब चोख ठेवायची गरज होती, ती मोठी झाली. नसलेली गोष्ट यंत्र आणून देत नाही. मला हे बरेचसे पटते, पण पुरते नाही. कारण ध्वनिवर्धकाने आवाज मोठा होतो तेव्हा शेजारचा आवाज ऐकू येईनासा होतो, हेही खरे. नील पोस्टमन यांनी माध्यमांच्या अभ्यासाला परिसरशास्त्र म्हटले ते याचसाठी. धानाच्या बांधीत पाण्याची नवी वाट काढली की एका कोपऱ्यात पाणी वाढते एवढ्यावर भागत नाही, सगळ्या बांध्यांचे पाणी हलते.

ते कसे हलते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत भीषण उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा रविवार. सोलापूरकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा आठवडेच्या आठवडे मोबाईलवर फिरत होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले. मारतानाच्या चित्रफितीही निघाल्या, त्याही फिरल्या. त्या वर्षी देशभर अशाच अफवांवरून हत्या झाल्या. फिरणाऱ्या चित्रफितींतली एक मूळची कराचीची होती: मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात, आणि पळवलेले मूल परत आणून दिल्याचा शेवटचा भाग कापलेला.

जुलै 2018 मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली. पुढे ही मर्यादा जगभर लागू झाली. माध्यमाचा संदेश एका शब्दानेही न बदलता फक्त त्याची चाल बदलली, तर समाजावरचा परिणाम बदलतो, हे कंपनीने स्वतःच मान्य केल्यासारखे झाले. इनिस असते तर त्यांनी मान डोलावली असती.

मला मात्र पुन्हा पुन्हा ती खोली दिसते. ग्रामपंचायतीचे कार्यालय. 1956 च्या प्रयोगात अशाच खोल्यांत, चावड्यांत माणसे रेडिओभोवती बसायची. ऐकलेल्या वाक्यावर कोणीतरी म्हणायचे, असे कसे होईल, आमच्याकडे तर तसे नाही. निमंत्रक ते लिहून घ्यायचा. 2018 मध्ये तीच अफवा प्रत्येकाने आपापल्या खिशात, एकट्याने ऐकली होती. ती मोठ्याने म्हणून पाहायची, कोणाचा तरी ‘असे कसे होईल’ ऐकायची वेळ आलीच नाही. माणसे एकत्र आली तेव्हा चर्चा संपलेली होती. फोनने खून केला असे मी म्हणणार नाही. भटक्यांविषयीचा संशय फोनच्या फार आधीचा आहे, तोयामा म्हणतात तसा तो मोठा झाला. पण 2016 च्या सप्टेंबरनंतर स्वस्त झालेल्या डेटाने पाड्यापाड्यापर्यंत पोचलेल्या या यंत्राभोवती आपण कुठलीही बैठक मांडली नव्हती, हेही तितकेच खरे.

यंत्र आले की जुने मरते, असे मात्र सरसकट समजू नये. त्याला उत्तर आपल्याच मुलखात आहे. धान निघाले, दिवाळी झाली, की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचे ठाणे. तिथे नाट्यमंडळांची कार्यालये थाटतात, गावोगावची मंडळे येऊन तारखा घेतात. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, किंवा शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडून गावात नाटक ठरते. भोंगा लावलेली गाडी फिरते, पांपलेट वाटली जातात, आणि रात्रभर हजारो माणसे मांडवात बसतात. सिनेमा आला, टीव्ही आला, आता हातात यूट्यूब आहे, तरी हे चालू आहे. 2023 साली इथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले.

टीव्हीने नाटक का मारले नाही? नाटक चांगले असते म्हणून, हे उत्तर प्रेमापोटी देता येईल. खरे उत्तर मांडवाबाहेर सापडते. नाटक असले की त्या गावात पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, घरोघरी चुली दोनदा पेटतात. कोणाच्या मुलीला कोणाच्या मुलाकडचे लोक पाहून घेतात आणि उन्हाळ्यातली सोयरीक थंडीतल्या नाटकात जुळते. टीव्हीने यातले फक्त नाटक देऊ केले. पाहुणे, जेवणे आणि सोयरीक त्याला देता आली नाही. म्हणून दोन्ही सुखाने नांदले. आता मोबाईलने नाटकाची तारीख कळते, जागा कळते, चित्रफीत पाहून कोणत्या मंडळाचे नाटक घ्यायचे ते ठरते. गाव मांडवातच बसते.

भंडारा किंवा नागपूरच्या महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला या विषयात काही करायचे असेल, तर मी त्याला परदेशी पुस्तके नंतर वाचायला सांगेन. आधी ठाणा पेट्रोलपंपाच्या चौकात, पानठेल्याजवळ दोन संध्याकाळी बस. वसाहतीतल्या निवृत्त कामगाराला विचार, काका, आधी निर्माणीत काही झाले की घरी कसे कळायचे? शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचार, आजी, मुनादी कोण द्यायचा, आणि तो तुमच्या दारापर्यंत यायचा का, की वस्तीच्या तोंडाशीच थांबायचा? तिच्या नातीला विचार, घरातला फोन रात्री कोणाच्या उशाशी असतो. गावच्या ग्रुपचा ॲडमिन कोण आहे आणि त्यात कोणाकोणाचे नंबर नाहीत, ते वहीत लिही. न्यूराथ यांची गावांच्या तुलनेची युक्ती आजही चालते: ज्या वस्तीत बसून बोलायची जागा आहे ती एक, आणि जिथे सगळे आपापल्या पडद्यात आहेत ती दुसरी. दोन्हीकडे प्रश्न तेच विचार.

आणि 24 जानेवारीच्या त्या सकाळबद्दल विचारायचे झालेच, तर जपून विचार. स्फोट कसा झाला हे त्यांना विचारू नकोस, ते चौकशी समित्यांचे काम. इतकेच विचार, की आवाज ऐकल्यावर तुम्ही आधी फोन हातात घेतला की फाटकाकडे निघालात.